दाहाचे उपादान कोणते?

रोगजंतूने विष सोडले आणि शरीर आजारी पडले, असे म्हणताना अपाय करणारा कोण व तो सोसणारा कोण, याची वाटणी गृहीत धरलेली असते. परंतु जंतुविषांमुळे रोगप्रतिकारक पेशींत दाह कसा निर्माण होतो, हे जसजसे उलगडत गेले तसतशी ही वाटणी डळमळीत झाली. भारतीय दर्शनांत घट ज्या मातीचा होतो ती माती उपादान कारण आणि तो घडवणारा कुंभार निमित्त कारण मानला जातो. कार्य उपादानात अव्यक्त रूपाने आधीच असते, हा सांख्यांचा सत्कार्यवाद. नैयायिकांच्या मते मात्र कार्य नव्याने उत्पन्न होते. दाहाच्या संदर्भात हा जुना वाद केवळ शाब्दिक राहत नाही.

१८९२ मध्ये बर्लिन येथे रिचर्ड फायफर यांना असे आढळले, की पटकीचे जंतू उष्णतेने मारले तरी त्यांची विषारकता टिकून राहते. जंतूच्या देहातच असलेल्या या द्रव्याला पुढे अंतर्विष म्हटले गेले. मेद आणि शर्करा यांचे हे संयुग जंतूच्या बाह्य आवरणाचा भाग असते. नवल असे, की ते पेशीला भोक पाडत नाही, तिचे एखादे विकरही बंद पाडत नाही. जंतू गिळणाऱ्या महाभक्षक पेशीच्या पृष्ठभागावरील टीएलआर-४ या ग्राहक प्रथिनाला त्याची चाहूल लागते आणि पुढचे सारे पेशी स्वतःच करते: संदेश केंद्रकापर्यंत जातो, टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ अशी संदेशवाहक प्रथिने बाहेर पडतात, रक्तवाहिन्या पाझरू लागतात, ताप चढतो. निरोगी माणसाच्या शिरेत दर किलो वजनामागे अवघे २ ते ४ नॅनोग्रॅम अंतर्विष गेले तरी काही तासांत हुडहुडी भरते.

उंदरांच्या एका वाणावर मात्र या विषाचा जवळजवळ परिणामच होत नसे. त्याच्या टीएलआर-४ मध्ये एकच अमिनो आम्ल बदललेले आहे, हे १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने दाखवले. विष तेच, देह मात्र वेगळा, आणि दाह नाही: सत्कार्यवाद्याला याहून अनुकूल दृष्टांत मिळणे कठीण. त्यावरून शरीरच स्वतःचे वैरी आहे असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल, कारण हेच उंदीर साल्मोनेलाच्या अगदी थोड्या जिवंत जंतूंनीही दगावतात.

काही विषे खरोखरच मोडतोड करतात. क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या आतड्यातील जंतूचे विष पेशीतील ऱ्हो प्रथिनांना शर्करेचा रेणू जोडून त्यांना निकामी करते. पण पायरिन हे पहारेकरी प्रथिन विषाला ओळखतच नाही. ऱ्हो निकामी झाले एवढेच त्याला उमगते, मग ते कोणत्याही जंतूने केलेले असो, आणि तेवढ्यावरून ते दाहाची यंत्रणा चालू करते. पायरिनच्या जनुकातच दोष असेल, तर जंतूचा मागमूस नसतानाही ताप आणि पोटदुखीचे झटके येतात. भूमध्य समुद्राभोवतीच्या समाजांत हा विकार आनुवंशिक आहे. येथे उपादान स्पष्ट दिसते, निमित्त मात्र हाती लागत नाही.

म्हणून दाहाचे उपादान देहच, या मुद्द्यावर सांख्यांची बाजू भक्कम ठरते. मात्र उपादान म्हणजे दोष, हे त्यातून निघत नाही. ज्या टीएनएफमुळे संधिवातात सांधे झिजतात, तेच क्षयाच्या जंतूंना फुप्फुसातील गाठींत कोंडून ठेवते. संधिवातावर टीएनएफ रोखणारे औषध सुरू करण्यापूर्वी रुग्णाच्या शरीरात सुप्त क्षय नाही ना, हे डॉक्टरांना तपासून घ्यावे लागते.