आधी माणूस, मग कागद

उर्दू शाळेच्या हजेरीपटावर ‘शेख’ हे नाव किती तऱ्हांनी लिहिले जाते, ते शिक्षकालाच ठाऊक. सख्ख्या भावांच्या दाखल्यांवर इंग्रजी स्पेलिंग वेगळे, आईचे नाव आधारवर एक आणि रेशनकार्डावर दुसरे. हल्ली सिल्व्हर पार्कमधले पालक त्या एका अक्षरासाठी पुन्हा पुन्हा शाळेत येतात. त्यांची भीती निराधार आहे, असे म्हणवत नाही.

जून 2025 मध्ये मीरारोडला गवंडीकाम करणाऱ्या, मुर्शिदाबादच्या एका माणसाला बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पोलिसांनी ताब्यात घेतले. घरच्यांनी मतदार ओळखपत्र, आधार, रेशनकार्ड पाठवले. तरीही त्याला सीमा सुरक्षा दलाच्या हवाली करून 14 जूनच्या पहाटे सीमेपलीकडे ढकलण्यात आले. पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केला म्हणून तो काही दिवसांत परतला. ज्याच्यासाठी कोणी फोन करणार नाही, त्याने काय करायचे?

त्याच्यासाठीच हेबिअस कॉर्पस आहे. आपण त्याला बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतो. शाळेच्या भाषेत सांगायचे तर हजेरी. एरवी पोलीस माणसाला विचारतात, ‘तू कोण? पुरावा दाखव.’ इथे न्यायालय पोलिसांना विचारते, ‘तो कुठे आहे? कोणत्या कायद्याने धरलात?’ कोंडलेला माणूस स्वतः येऊ शकत नाही, हे धरूनच त्याच्या वतीने भाऊ, बायको, मित्र अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जाऊ शकतात. पण एकदा माणूस सीमेपलीकडे गेला की त्याला हजर कसे करणार? घाईचा अर्थ इथे कळतो.

आपल्यातले काही जण म्हणतात, ‘ते बंगाली. आपण पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतो, आपल्याला कोण हात लावणार?’ हा दिलासा मला पटत नाही. भाषा हाच पुरावा ठरला, तर बीरभूमच्या मजुराची बंगाली हाच त्याचा गुन्हा ठरतो. आणि तो खरोखरच बांगलादेशी निघाला तर? त्याला परत पाठवण्याचा अधिकार सरकारला आहे. परक्याला इथे राहण्याचा मूलभूत हक्क नाही. पण अनुच्छेद 21 मध्ये ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली हेच सांगितले. नागरिकत्व सिद्ध करण्याचा भार 2025 च्या नव्या कायद्यातही माणसावरच आहे, हे खरे. तरी केवळ संशयावरून कोणालाही उचलून पुरावा मागता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने जुलै 2024 मध्ये आसामच्या एका प्रकरणात बजावले होते. आपण फक्त आपल्या कागदांपुरते बोलू लागलो, तर ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्या कोठडीला आपणच मान्यता देतो.

त्याच जूनमध्ये दिल्लीत धरलेल्या बीरभूमच्या एका गर्भवती स्त्रीला कुटुंबासह पलीकडे पाठवले गेले. तिच्या वडिलांनी कलकत्ता उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. चौकशीसाठी तीस दिवसांची मुदत गृहमंत्रालयानेच आखून दिलेली असताना ही घाई का, असे विचारून न्यायालयाने 26 सप्टेंबर 2025 रोजी हद्दपारी रद्द केली आणि चार आठवड्यांत परत आणण्यास सांगितले. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. शेवटी 5 डिसेंबरला ती आठ वर्षांच्या मुलासह परतली. सरकारने तिला आणले ते माणुसकी म्हणून. तिचा हक्क म्हणून नव्हे. नवरा तेव्हा पलीकडेच होता.