एका माशासाठी गळ

शास्त्रपाठ : मत्तय १७:२४-२७



शुभवर्तमानांत जाळ्यांचा उल्लेख वारंवार येतो. गळाचा मात्र एकदाच. कफर्णहूमात मंदिराची पट्टी वसूल करणारे आले, तेव्हा प्रभूने पेत्राला सरोवरावर पाठविले ते जाळे देऊन नव्हे, गळ टाकायला. रात्रभर जाळी ओढणाऱ्या त्या कोळ्याला हे काम पोरखेळासारखे वाटले असेल, असे आम्हांला वाटते. एक गळ, एक मासा!

गालीलचा समुद्र म्हणजे वस्तुतः गोड्या पाण्याचे, सुमारे २१ किलोमीटर लांबीचे सरोवर. ‘पेत्राचा मासा’ म्हणून आज तेथे यात्रेकरूंच्या ताटात पडतो तो तिलापिया. पण तेथील तिलापिया मुख्यतः पाण्यातील सूक्ष्म जीवांवर जगतो. आमिषाला सहसा तोंड लावीत नाही. म्हणून काही अभ्यासकांच्या मते पेत्राचा मासा बार्बेल असावा. हा आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. हे वाचले आणि आम्हांला लहानपणीचा तलाव आठवला.

तेथे आमच्या शेजारचे एक आजोबा रोहूसाठी गळ टाकून बसत. आदल्या संध्याकाळी त्याच जागी भिजवलेली पेंड टाकून ठेवायची, सकाळी गळाला कणकेची गोळी लावायची आणि दोऱ्याला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या मोरपिसाच्या देठावर नजर ठेवायची. देठ जरा हलला की आम्ही काठी ओढत असू. आजोबा म्हणत, “अरे, त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो आधी गोळी चोखून बघतो, थुंकतो, पुन्हा चोखतो. देठ पाण्याखाली जाऊ दे, मग ओढ.”

शब्बाथ शाळेचे शिक्षक झाल्यावर आम्ही हे विसरलो. वर्गात ४२ मुले; वार्षिक सभेत तो आकडा वाचला तेव्हा टाळ्या पडल्या. त्यांतल्याच एका मुलाने, वडील वारल्यावर, वर्ग सुटताना सहज विचारल्यासारखे विचारले, “आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली होती ना, सर?” आम्ही तत्काळ एक वचन सांगितले आणि ते पाठ करून यायला लावले. तो पुन्हा आला नाही. तो नुसता चोखून पाहत होता आणि आम्ही काठी ओढली!

दृष्टान्त फार ताणू नये, हे खरे. गळाला लागलेला मासा मरतो. माणसे धरण्याविषयी प्रभूने पेत्राला जे सांगितले, त्यासाठी लूकच्या ५ व्या अध्यायात मूळ ग्रीक शब्द आहे तो जिवंत धरण्याचा.

आणखी एक गोष्ट. मासा सापडला, नाणे मिळाले, असे मत्तय लिहीतच नाही. प्रभूची आज्ञा झाली आणि अध्याय संपला. पेत्र काठावर किती वेळ बसला असेल?

त्या मुलाच्या घरी आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी जाऊ लागलो. वचन नाही, उपदेश नाही. आई चहा देते, तो गणिते सोडवीत असतो. पहिले काही गुरुवार त्याने मान वर केली नाही. वर्गाला तो अजून येत नाही. गेल्या गुरुवारी मात्र चपला घालून तो आमच्याबरोबर बस थांब्यापर्यंत चालत आला आणि वाटेत वडिलांच्या सायकलीविषयी बोलत राहिला. आम्ही ऐकत होतो.