बिनतारी शेजारधर्म

शेजाऱ्याला विरजण द्यावं, विळी द्यावी, वेळप्रसंगी शिडीही द्यावी, याबद्दल आपल्या समाजात मतभेद नाहीत. (शिडी परत मागावी की नाही, याबद्दल आहेत.) पण घरातल्या प्रिंटरच्या बिनतारी जोडणीचा परवलीचा शब्द शेजाऱ्याला द्यावा की न द्यावा, याविषयी एकाही संताने काही सांगून ठेवलेलं नाही.

शहरातल्या ब्लॉकमध्ये हा प्रश्न पडत नाही. तिथे दारच बंद असतं. तो पडतो आमच्या पासलीसारख्या गावात. पासली म्हणजे वेल्ह्याहून केळदला, मढे घाटाकडे जाताना लागते ती. तालुक्याला राजगड म्हणायचं असा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच येतं. इथे दिवसा दार लावून घेतलं तर 'घरात कोण आजारी आहे?' म्हणून चौकशीला चारजण येतात आणि चहा पिऊन जातात.

अशा घरात चिरंजीवांनी प्रिंटर आणला. या यंत्राचं सगळं जावयासारखं. घरातलं सगळं त्याच्या सोयीने व्हावं लागतं. आजचा राउटर बहुधा दोन आवाजांत बोलतो, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ चा. पाचवाला झपझप बोलतो, पण जाड भिंत आडवी आली की दमतो. दुसरा सावकाश, पण भिंतीपलीकडे ऐकू जाणारा. घरगुती स्वस्त प्रिंटरांना पुष्कळदा हा दुसराच कळतो. त्यात आमच्याकडे पावसाळ्यात विजेचं येणंजाणं. वीज आली की राउटर झोपेतून उठल्यासारखा सगळ्यांना नव्याने पत्ते वाटत सुटतो. प्रिंटरला कालचाच पत्ता मिळेल याची खात्री नाही. मग संगणक जुन्या पत्त्यावर कागद धाडत बसतो आणि हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या प्रिंटरला 'ऑफलाइन' म्हणून मोकळा होतो. यावर उपाय एकच. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा. एस.टी.त आमदारांसाठी सीट राखतात तसा. फरक इतकाच, की इथे ज्याच्यासाठी जागा राखली तो खरोखर येऊन बसतो.

यंत्र सुरळीत झाल्याची बातमी वाडीत पोचायला मात्र कुठलीच जोडणी लागली नाही. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या निघतो, १५ रुपये भरले की झालं. पण तो निघतो मोबाइलच्या काचेवर, आणि कचेरीतल्या टेबलाला काच चालत नाही, कागद लागतो. तेव्हा सातबारे आले, हॉल तिकिटं आली, रक्ताचे रिपोर्ट आले, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: "पासवर्ड काय म्हणालात?"

यावर घरात दोन पक्ष पडले. चिरंजीव बंदोबस्ताच्या बाजूचे. त्यांनी दाखला दिला तो २०१८ सालच्या नोव्हेंबरातला. कुणा एका पठ्ठ्याने इंटरनेटवर उघडे पडलेले जगभरचे सुमारे ५० हजार प्रिंटर गाठले आणि त्यांतून एका यूट्यूबवाल्याची जाहिरात छापून काढली. चोरीला काही गेलं नाही. पण आपल्या घरातलं यंत्र परक्याच्या हुकमाने बोलू लागलं, तर घर कोणाचं म्हणायचं? "तोरण्याला बिनी दरवाजा काय शोभेला होता?" चिरंजीवांनी शेवटचा तोफगोळा टाकला.

आमची ही तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "रायगडाचे दरवाजेही वेळेवर बंद झाले होते, असं गोष्टीत सांगतात. पण खाली हिरकणीचं बाळ होतं. हिरकणीचं नाव बुरुजाला मिळालं. दरवाजा लावणाऱ्याचं नाव सांग बरं."

चिरंजीव गप्प झाले. मला दोघांचंही पटलं, आणि माझ्या मते घर चालतं ते दोघांचंही पटणाऱ्या माणसामुळेच. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं जाळं करता येतं, ते करून पाहिलं. पण त्या जाळ्यातून बहुधा घरातला प्रिंटरच दिसत नाही. म्हणजे पाहुण्याला ओटीवर बसवायचं आणि पाण्याचा तांब्या माजघरात कुलुपात! शेवटी प्रिंटरचं स्वतःचं दार सापडलं, 'वायफाय डायरेक्ट'. त्यातून शेजारी थेट प्रिंटरशी बोलतो, घरच्या जाळ्यात शिरत नाही. काही यंत्रांवर या दाराचा परवलीचा शब्द कारखान्यातूनच एक ते आठ आकडे ओळीने असा येतो. हे म्हणजे कुलूप लावून किल्ली त्याच कडीला टांगणं. तो बदलला, आणि वाडीला दार मिळालं.

मला वाटलं, नीतिशास्त्र संपलं. ते इथून सुरू होतं. लेसर प्रिंटर पुष्कळदा कागद पालथा टाकतो. पानं क्रमाने लागावीत हा हेतू, पण दिसायला सभ्य दिसतं. आमचा शाईचा. तो कागद उताणा, वाचणाऱ्याकडे तोंड करून बाहेर ढकलतो. आणि डोळ्यांना परवलीचा शब्द नसतो. सातबाऱ्यावरचा बोजा, रिपोर्टातला आकडा, बँकेच्या नोटिशीतला ठळक मथळा, हे वाचावं लागत नाही. ते वाचलं जातं. जिथे दाराला कुलूप नाही तिथे माणसाची अब्रू शेजाऱ्याच्या तोंडाच्या कुलपावर असते. ते सेटिंग कुठल्या राउटरमध्ये सापडायचं?

परवा वरच्या आळीतले तात्या भर पावसात घोंगडी पांघरून आले. कागद निघाला. हिने तो उचलला, क्षणात पालथा केला आणि घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत दिला. तात्या पायरीवर घुटमळले.

"वाचलंस का गं?"

"शाई नीट उमटलीय का, तेवढं पाहिलं," ही म्हणाली. "चांगली उमटलीय. आणि तात्या, येत्या गुरुवारी हे वेल्ह्याला जाणारच आहेत. तुम्हाला सोबत हवी असली तर या."

गुरुवारी मी वेल्ह्याला जाणार आहे, हे मला तेव्हाच कळलं.