रियाजामागचा हेतू

सतार तीच, पलटा तोच, लयही तीच. पण एक जण तो पलटा विशारदच्या परीक्षेसाठी घोटतो, दुसरा बरोबरीच्या विद्यार्थ्याला मागे टाकावे म्हणून, आणि तिसरा केवळ कोमल गंधार आपल्या जागी लागावा या एका ओढीने, तेव्हा बाहेरून सारखाच ऐकू येणारा हा रियाज आतून तीन निरनिराळ्या वाटांनी चाललेला असतो. हेतू मनातच राहतो असे आपण समजतो, पण तो हातात उतरतो. पुढे जाण्याची घाई झालेला हात मींड अर्ध्यावर टाकून पुढच्या स्वराकडे धावतो. स्वराची ओढ असलेला हात तार खेचून तिथेच थांबतो, कान देतो, पुन्हा खेचतो.

चित्तवृत्ती मात्र रोज पालटतात. भीतीने मनगट आखडते, संतापात लय नकळत चढते, आणि खिन्न दिवशी वाद्याला हात लावणेही जिवावर येते. अशा दिवशी ज्याचा हेतू मिरवण्याचा, तो वाद्य गवसणीत घालतो. ज्याचा हेतू स्वराचा, तो मंद्रसप्तकात उतरून संथ आलाप धरतो, कारण तिथे खिन्नतेलाही जागा आहे.

हरिप्रसाद चौरसियांची गोष्ट साधकांनी पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे. चित्रपटसंगीतात बासरीवादक म्हणून जम बसलेला असताना ते अन्नपूर्णादेवींकडे शिष्य म्हणून गेले, आणि पहिल्यापासून शिकण्याची आपली तयारी किती खरी आहे हे दाखवण्यासाठी उजव्या बाजूला धरलेली बासरी त्यांनी डावीकडे घेतली. वर्षानुवर्षे मुरलेली बोटांची आणि ओठांची सवय जाणूनबुजून मोडायची, आणि सिद्धहस्त कलावंताने नवशिक्यासारखे बेसूर व्हायचे! हे अवघडलेपण नुसत्या उत्साहाने सोसवत नाही. त्याला खाली हेतूची भूमी लागते.

आणि त्या गुरूंचा हेतू तरी कोणता होता? मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँच्या या कन्येने ऐन बहरात मैफली सोडल्या, आणि २०१८ साली मुंबईत देह ठेवीपर्यंत त्या जनांसमोर पुन्हा वाजवायला बसल्या नाहीत. तरीही बंद दारामागे त्यांचे सुरबहार दीर्घकाळ बोलत राहिले. जिथे पुढे मैफलच नाही, तिथे रियाज ही कशाची तरी तयारी उरत नाही, तो स्वतःच उपासना होतो.

काशीत बिस्मिल्ला खाँ बालाजीच्या मंदिरात बसून सनईचा रियाज करत. तिथे ऐकणारा तो एक, त्याला जिंकायचे नाही, त्याच्याकडून गुणही घ्यायचे नाहीत. ईर्षेला आणि भीतीला धरायला काही उरले नाही की श्वास आपोआप लांबतो, ओठांतली पत्ती मोकळी बोलते, आणि एकाच षड्जावर हवा तितका वेळ राहता येते.