पटावर हरलेला देव

बेळगाव जिल्ह्यातल्या मंगसुळीचा खंडोबा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कितीतरी मराठी घरांचं कुलदैवत आहे. कन्नड मुलखात हाच देव मैलार किंवा मल्लय्या म्हणून पुजला जातो. त्याच्या कथेचं एक रूप असं आहे: देव पत्नी म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो, डाव हरतो आणि पैजेपायी बारा वर्षं घर सोडून जातो. मग धनगराच्या रूपात तो बाणाईच्या वाड्यावर चाकर राहतो, मेंढरं राखतो. मणी-मल्ल दैत्यांना मारणाऱ्याला एक दान फिरवणं अवघड नव्हतं, तरी तो ते फिरवत नाही. या कथेतला खरा धर्मविचार मला इथेच दिसतो. प्रेम म्हणजे मनातला उमाळा, असं आपण सहज धरून चालतो. कथा त्याच्यापुढे जाते: समोरच्याच्या चालीने आपलं काही बिघडू शकतं हे मान्य करून पटाशी बसणं, आणि बिघडल्यावर पट न उधळणं, हेही प्रेमच. वेरूळच्या लेण्यांतही शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. दांपत्य दाखवायला शिल्पकारांनी पट निवडला, तो केवळ करमणुकीचं चित्र म्हणून निवडला असेल असं वाटत नाही.

हा विचार आज एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटतो. 2007 साली जेसन रोहरर या अमेरिकी रचनाकाराने ‘पॅसेज’ नावाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ गेम केला. पडद्यावर फक्त 100 बाय 16 पिक्सेलची चिंचोळी पट्टी. तिच्यात एक माणूस चालत असतो. वाटेत एक स्त्री भेटते. तिला स्पर्श केला की ती जन्माची सोबतीण होते, टाळलं तर तो एकटाच पुढे जातो. सोबत स्वीकारली की अरुंद बोळांतून जाता येत नाही, त्यामुळे तिथल्या खजिन्याच्या काही पेट्या कायमच्या हातच्या जातात. दोघं म्हातारी होतात, आधी ती जाते, मग तोही. संवाद नाही, निवेदन नाही. ‘जोडीने या फटीतून जाता येत नाही’ एवढ्या एका नियमात संसाराबद्दल जे कळतं, ते सांगायला कादंबरीला पानंच्या पानं लागतील. त्याच वर्षीच्या रॉड हंबल यांच्या ‘द मॅरेज’मध्ये तर माणसंही नाहीत: एक निळा चौकोन, एक गुलाबी चौकोन आणि भोवती फिरणारी वर्तुळं. जवळ येण्याचा परिणाम दोन्ही चौकोनांवर सारखा होत नाही, आणि एकाला सांभाळताना दुसरा हातातून निसटू लागतो.

असे खेळ आपल्याला परके नाहीत. ज्ञानेश्वरांच्या नावावर परंपरेने सांगितला जाणारा मोक्षपट हाही खेळातून दिलेला धर्मोपदेशच. फरक मात्र मोठा आहे. मोक्षपटाच्या घरांवर पाप-पुण्याची नावं लिहिलेली असतात आणि कवड्या नेतील तिथे खेळणारा जातो. ‘पॅसेज’मध्ये नाव कशालाच नाही, जे घडतं ते आपण केलेल्या निवडीने घडतं, म्हणून त्याचा अर्थही आपल्यालाच लावावा लागतो. याबाबतीत तो लग्नघरातल्या खेळांच्या अधिक जवळ आहे. नवरीच्या मिटल्या मुठीतली सुपारी नवरा सोडवू पाहतो, तेव्हा सहजीवनावर कोणी प्रवचन करत नाही. मूठ किती आवळायची आणि कधी सैल सोडायची, हे दोघांचं दोघांनाच ठरवावं लागतं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. त्या मुठीमागे दुसरा जीव असतो. पडद्यावर असतो तो ठिपक्यांचा पुंजका. ज्याला दुखत नाही त्याच्याशी प्रेम कसलं? हे मान्य केलंच पाहिजे. अशा खेळाने कोणी कोणावर प्रेम करू लागत नाही, आणि निळा पुरुष, गुलाबी बाई ही विभागणीही ठोकळेबाज आहे. पण सारीपाटाची कथा ऐकणाऱ्यासमोरही म्हाळसा प्रत्यक्ष नसतेच. प्रतीक नात्याची जागा घेत नाही. एरवी डोळ्यांआड राहणारी नात्याची घडण ते हाताळायला देतं. दुसरा आक्षेप भक्तीच्या बाजूने येतो: खरं प्रेम बेहिशेबी असतं, त्याला नियम कसले? त्याचं उत्तर खंडोबाच्याच कथेत आहे. हार मानून तो बाहेर पडला म्हणून बाणाई भेटली; नियम पाळण्यातूनच नियमाबाहेरचं प्रेम आलं. आणि जिंकलेल्या म्हाळसेच्या वाट्याला सवत आली. डाव कोणी जिंकला हे पटावर कळतं, कोणाला काय मिळालं हे कळत नाही. पुढचा तंटा तर कथेने मिटवलेलाच नाही. जेजुरीत म्हाळसा गडावर देवाशेजारी आहे, बाणाईचं देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर आहे, आणि दोघींचं भांडण जागरणात वाघ्या-मुरळी अजून गातात.