सगळेच करता आले, तर मी कोण?



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून मी इंदापूर तालुक्यात धाकट्या भावाच्या घरी मुक्कामाला गेलो होतो. भावाला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून अडीच एकर ऊस, दोन म्हशी, बापाची औषधे आणि बारामतीचे कॉलेज असा सगळा गाडा माझा पुतण्या एकटा ओढतो आहे. त्या रात्री कालव्याच्या पाण्याची पाळी एक वाजता येणार होती. साडेबाराच्या सुमारास मला जाग आली. पाहतो तर हा पठ्ठ्या ओसरीवर लॅपटॉप उघडून गेम खेळत बसलेला.

मी रागावलो. म्हटले, "अरे, अर्धा तास डोळे मिटून पड ना. हे कसले पोरखेळ?"

तो शांतपणे म्हणाला, "काका, दिवसातला हा एवढाच अर्धा तास मला कुणी हाक मारत नाही."

माझा राग तिथेच विरला. मी त्याच्या शेजारी बसलो आणि तो काय खेळतो ते विचारू लागलो. त्याने जे सांगितले आणि पुढे मी स्वतः जी माहिती मिळवली, त्यातून मनात एक प्रश्न उभा राहिला. प्रश्न खेळातला असला तरी तो आपल्या घरातलाही आहे. म्हणून आज तो आपल्यापुढे ठेवीत आहे.

तो खेळत होता त्या खेळाचे नाव 'स्कायरिम'. अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीने तो २०११ मध्ये बाजारात आणला. अशा खेळांना 'ओपन वर्ल्ड' म्हणतात, म्हणजे खुले जग. डोंगर, नद्या, गावे, बाजार सगळे पसरलेले असते आणि आपण घेतलेल्या पात्राने पाहिजे तिकडे जावे, पाहिजे ते करावे. या कथेत जगाचा नाश करायला एक ड्रॅगन निघालेला आहे आणि त्याला थांबवायचे काम आपल्यावर आहे. गंमत अशी की, ते काम टाळून तुम्ही वर्षभर फुले वेचत हिंडलात तरी चालते. जगबुडी तुमच्यासाठी थांबून राहते! एकच माणूस योद्ध्यांचा नायक होतो, जादूगारांच्या विद्यालयाचा प्रमुख होतो, चोरांच्या आणि मारेकऱ्यांच्या टोळीचाही म्होरक्या होतो. एक झाले म्हणून दुसरे दार सहसा बंद होत नाही.

"इथे मी काहीही होऊ शकतो," पुतण्या म्हणाला. पुढचे वाक्य त्याने गिळले, पण मला ते ऐकू आले.

या खेळांचे मूळ शोधू गेलो तर वेगळेच चित्र दिसले. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. तो संगणकावरचा नव्हता. चार मित्रांनी टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा होता. त्यात पात्रांचे तीनच वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. प्रत्येकाला बंधने होती. जादूगाराला चिलखत घालता येत नसे. धर्मगुरूला धारेचे शस्त्र हाती धरता येत नसे. (आपल्या फादरांना हे वाचून बरे वाटेल!) ही बंधने असल्यामुळेच चौघांना एकमेकांची गरज लागे. जे एकाला जमत नाही, त्यासाठी दुसरा असे.

पुढे संगणक आले आणि बंधने सैल होत गेली. स्कायरिमच्याच मालिकेतला 'मॉरोविंड' हा २००२ सालचा खेळ घ्या. त्यात तीन मोठी घराणी होती. एका घराण्यात दाखल झालात की उरलेल्या दोघांची दारे बंद. बढती हवी तर त्या घराण्याला लागणारी कौशल्ये अंगी असावी लागत. नऊ वर्षांनी आलेल्या स्कायरिममध्ये जादूची जेमतेम ओळख असलेला माणूसही जादूगारांचा प्रमुख होऊन बसतो. यावरून खेळाडूंमध्ये वाद आहे. काही म्हणतात, खेळ माझा, पैसे माझे, मला कुणी अडवू नये. काही म्हणतात, कुठेच अडत नाही तर मी निवडले तरी काय?

दुसऱ्या बाजूचे खेळही आहेत. पोलंडच्या कंपनीने २०१५ मध्ये काढलेल्या 'विचर ३' मध्ये जग खुले आहे, पण माणूस ठरलेला आहे. त्याचे नाव, धंदा, भूतकाळ आपल्याला बदलता येत नाही. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ तयार केला. तो खुल्या जगाचा नाही. राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला राक्षसांनी पळवून नेलेले. खेळणाऱ्याला तिचा शोध सोडून भलतीकडे जाता येत नाही. भावाला शोधणे म्हणजेच राजी असणे.

पुतण्याने मला आणखी एक प्रकार हसत हसत दाखवला. स्कायरिममध्ये दुकानदाराच्या डोक्यावर बादली उपडी घालायची. मग त्याला दिसत नाही. त्याच्यासमोर दुकान खुशाल लुटावे, तो जागचा हलत नाही.

मीही हसलो. पण नंतर मला एका जुन्या खेळाची माहिती मिळाली. रिचर्ड गॅरियट नावाच्या माणसाने १९८५ मध्ये 'अल्टिमा ४' हा खेळ बनवला. त्यात शेवटी मारायला कुणी महादुष्ट नाही. प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, त्याग, नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचे, हेच ध्येय. शब्दही आपल्याकडचाच घेतलेला. या खेळात जडीबुटी विकणाऱ्या बायका आंधळ्या आहेत. माल घ्यायचा आणि किती नाणी देतो ते आपणच सांगायचे. कमी दिली तरी ती बाई माल देते, शिपाई धावून येत नाही, काहीच होत नाही. खेळ मात्र ते लक्षात ठेवतो. आपला प्रामाणिकपणा घटलेला असतो आणि ते पुष्कळ पुढे गेल्यावर आड येते.

पाहा, दोन्ही दुकानांत चोरी करण्याचे स्वातंत्र्य आहे. बादली घातलेल्या दुकानदाराकडे ती नुसती युक्ती आहे, तिने चोराचे काही बदलत नाही. आंधळ्या बाईपुढे मात्र मी जे करतो त्याने मी कोण हे ठरते. देवाने आपल्याला इच्छास्वातंत्र्य दिले ते या दुसऱ्या प्रकारचे. आपण केलेली गोष्ट आपल्याला चिकटते. विवाह संस्काराच्या वेळी दोघेजण 'होय' म्हणतात, तेव्हा त्या एका 'होय'च्या पोटात कितीतरी 'नाही' असतात. ते 'नाही' काढून टाकले तर 'होय'ला काही किंमत उरत नाही.

बारामतीकरांना हे पटवायला परदेशी जाण्याची गरज नाही. कऱ्हेच्या काठी याच गावात मोरोपंत राहिले. १७२९ मध्ये पन्हाळ्याला जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाला बारामतीत आला आणि १७९४ मध्ये इथेच वारला. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली असे सांगतात. बऱ्याच रामायणांत त्यांनी स्वतःला काही ना काही अट घालून घेतली होती. त्यांतले एक 'निरोष्ठ' रामायण, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणायचे. आपण जरा 'राम' म्हणून पाहा. ओठ मिटतात ना? म्हणजे रामायण लिहायचे आणि 'राम' हे नाव मात्र घ्यायचे नाही! अशी अट कवीला कुणी सावकाराने घातली नव्हती. ती त्याने स्वतः घेतली आणि तिच्यातून वाट काढली. मोकळ्या रानात जे शब्द त्याला कधी सुचले नसते, ते त्या अटीने शोधायला लावले.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण त्या रात्री पुतण्या जे बोलला ते सांगितल्याशिवाय हे लिखाण खोटे ठरेल. मी त्याला बंधनाचे महत्त्व सांगू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "काका, गेममध्ये मी कॅरेक्टर निवडतो. हे कॅरेक्टर मी निवडलं नव्हतं."

मला उत्तर देता आले नाही.

खरेच आहे. मोरोपंतांची अट स्वतःची होती. पण आपल्या महाराष्ट्रात शतकानुशतके माणसाचा 'वर्ग' जन्मानेच ठरवला गेला. कुणी काय शिकावे, कुठवर यावे, कशाला हात लावू नये, हे दुसऱ्यांनी ठरवले. बारामती-इंदापूरहून तुकोबांची पालखी दरवर्षी ज्या पंढरपूरला जाते, तिथे चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे. ते मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले. आपल्यापैकी कित्येकांच्या आजी-आजोबांनी अशी बंधने सोसली आहेत. त्यांना कुणी 'बंधनातच खरे स्वातंत्र्य असते' असे ऐकवले असते, तर ती थट्टाच झाली असती.

म्हणून बंधनाचे गोडवे गाण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. हे बंधन घातले कुणी? आणि ज्याने घातले, तो त्याचा भार थोडा तरी उचलतो काय?

चेक प्रजासत्ताकात २०१८ मध्ये निघालेल्या 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' या खेळात नायक एका लोहाराचा मुलगा आहे. काळ १४०३ सालचा. त्याला वाचता येत नाही. पुस्तक उघडले की अक्षरे उलटसुलट झालेली दिसतात. पण गावातल्या एका लेखनिकाकडे तो शिकू शकतो आणि हळूहळू शब्द लागू लागतात. मर्यादा खरी आहे, तरीही ती भिंत नाही, आणि शिकवणारा कुणीतरी आहे. मर्यादा आणि अन्याय यांतला फरक मला इथे दिसला. अन्याय दार लावून घेतो. मर्यादेत माणसाला माणूस भेटायला वाव असतो.

पुतण्याच्या बापाचे आजारपण कुणी लादलेले नाही. ते आले. त्याला टाकून पुण्याला निघून जाण्याचे स्वातंत्र्य या मुलाला आहे, त्याच्या वयाचे काहीजण गेलेही आहेत. तो राहिला आहे. पण राहणेही दोन प्रकारचे असते. प्रभू येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आपण धाकट्याचीच आठवण ठेवतो. मोकळे रान त्याला मिळाले आणि ते डुकरांच्या खोपटाशी संपले. थोरला मात्र घरी राहिला, सगळे नियम पाळले, आणि मनात हिशेब करीत करीत कडवट झाला. बापाच्या घरात तो मुलासारखा न राहता गड्यासारखा राबला. मला भीती वाटली ती ही, की आपला हा गुणी मुलगा आपण सगळे मिळून त्या थोरल्यासारखा करतो आहोत. 'किती कर्तव्यदक्ष पोर!' असे म्हणायचे आणि आपापल्या घरी झोपायला जायचे.

एक वाजला. चारीला पाणी आल्याचा शेजारच्या बांधावरून आवाज झाला. लॅपटॉप मिटून तो उठला. मीही उठलो, फावडे घेतले आणि म्हटले, "आज मी दारे धरतो. तू बॅटरी दाखव." चाळीस वर्षांनी मी उसात दारे धरत होतो. दोन सऱ्या फुटल्या, तो हसला आणि त्याने त्या नीट केल्या. नीरा डाव्या कालव्याचे पाणी वीर धरणापासून निघून इंदापूरच्या शेतापर्यंत येते, ते दोन काठांनी धरून ठेवले म्हणून. पण काठ एकच असता तर ते वाटेतच वाहून गेले असते. हे मला त्या चिखलात उभे राहून सुचले.

तेव्हापासून आम्ही दोघा चुलत्यांनी पाळ्या वाटून घेतल्या आहेत. दर तिसरी रात्र त्याची नसते. आमच्या वहिनीचा भाऊ महिन्यातून एकदा पेशंटला दवाखान्यात नेऊन आणतो. मोठे काही घडलेले नाही. मुलगा अजून थकतोच. पण परवा तो म्हणाला की, शेवटच्या वर्षाचा फॉर्म भरला आहे, आणि सुट्टीत चार दिवस मित्रांबरोबर कोकणात जाणार आहे. जा म्हटले.

प्रियजनहो, आपल्या धर्मग्रामात अशी मुले आणि मुली किती आहेत, ते आपणच मोजावे. रात्री लॅपटॉपवर किंवा मोबाईलवर कुणी बसलेले दिसले तर लगेच ओरडू नये. शेजारी बसून विचारावे, तिथे तुला काय करता येते, जे इथे येत नाही? उत्तर ऐकण्याची तयारी मात्र ठेवावी, कारण कधी कधी त्या उत्तरात आपल्या वाट्याची एखादी पाळी निघते.

माझ्या पाळीच्या रात्री पुतण्या झोपतो की तो ड्रॅगन मारायला जातो, हे मी अजून त्याला विचारलेले नाही.