मक्त्याच्या पोटी जन्मलेले नियंत्रण

अफूच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधने कशी आली, ही हकीकत बहुधा सदसद्विवेकाच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. चीनच्या गळ्यात अफू बांधणारी साम्राज्ये विसाव्या शतकाच्या आरंभी वरमली, परिषदा भरल्या, करारांवर सह्या झाल्या. यात तथ्य आहेच. पण वसाहतींच्या सरकारांनी ही बंधने कशी पत्करली याचा माग काढत गेले, तर वाट धर्मोपदेशकाच्या व्यासपीठाकडे कमी आणि महसूल खात्याच्या कचेरीकडे जास्त वळते. नियंत्रणाची सगळी हत्यारे तिथे आधीच परजून ठेवलेली होती.

१७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगाल-बिहारमधली अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीखाली आणली. पुढे या व्यवस्थेला इतकी शिस्त आली की खसखशीचे पीक कोणी घ्यायचे, किती जमिनीत घ्यायचे, चीक कोणत्या भावाने द्यायचा, हे सगळे सरकार ठरवू लागले. शेतकऱ्याला परवाना आणि आगाऊ रक्कम मिळे. त्याबदल्यात साऱ्या चिकाचे माप सरकारी गुदामातच घालावे लागे. पाटणा आणि गाझीपूर इथल्या कारखान्यांत त्याचे गोळे होत, पेट्या भरत आणि कलकत्त्यात लिलाव होई. माळव्याची अफू संस्थानी मुलखातली. तिथे ही पकड बसेना. म्हणून ती मुंबईत येताना पेटीमागे जबर पासकर बसवला. जमशेटजी जीजीभाईंसारख्यांची संपत्ती आणि मुंबई बंदराची भरभराट या माळवी पेट्यांशी जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नात जमीनमहसुलाच्या खालोखाल अफूचा क्रम लागे. एवढी काटेकोर देखरेख सरकारने दुसऱ्या कुठल्या पिकावर क्वचितच ठेवली असेल. तिचा हेतू मात्र तिजोरी भरण्याचा होता.

या उत्पन्नावर हरकत घेणारे दोन प्रकारचे होते. इंग्लंडमधले क्वेकर आणि मिशनरी याला पाप म्हणत. दादाभाई नौरोजींचा आक्षेप नैतिक होता, तसाच हिशेबीही होता. हिंदुस्थानातून इंग्लंडकडे वाहणाऱ्या संपत्तीची खोट चिनी माणसाच्या व्यसनातून भरून निघते आणि त्यामुळे इथल्या लुटीची खरी खोली झाकली जाते, हे त्यांनी दाखवून दिले. १८९३ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने सातशेहून अधिक साक्षी ऐकल्या आणि १८९५ मध्ये निर्वाळा दिला की हिंदी माणूस अफू खातो ती बहुतांशी माफक प्रमाणात. बंदीची गरज नाही. निष्कर्ष सरकारच्या सोयीचा होता. तरी आयोगाने मांडलेला एक भेद पुढे फार कामी आला. अफू खाणे वेगळे आणि चंडू ओढणे वेगळे. पहिले घरगुती औषध, दुसरे व्यसन.

त्याच सुमारास पूर्वेकडे मक्तेदारीला नवे रूप मिळत होते. १८९५ मध्ये फोर्मोसा (आजचे तैवान) जपानच्या हाती आले. तिथे गोतो शिंपेई यांच्या योजनेनुसार सराईत व्यसनींची नोंद करून त्यांना परवाने दिले गेले, नव्यांना मज्जाव. विक्री सरकारी, नफाही सरकारी, आणि ध्येय मात्र हळूहळू बंदीचे. डचांनी १८९४ मध्ये मदुरा बेटावर चिनी मक्तेदार हटवून सरकारी विक्री सुरू केली आणि काही वर्षांत ती साऱ्या जावाभर नेली. अमेरिकेने १९०३ मध्ये फिलिपिन्ससाठी नेमलेल्या समितीत बिशप चार्ल्स ब्रेंट होते. ही समिती हे सगळे प्रदेश पाहून आली आणि तिलाही फोर्मोसाचाच नमुना पसंत पडला. अमेरिकी काँग्रेसने मात्र थेट बंदी पत्करली आणि ती १९०८ पासून लागू केली.

चीनने १९०६ मध्ये दहा वर्षांत अफू संपवण्याचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी ब्रिटनने त्याच्याशी बोलणी केली आणि हिंदुस्थानातून चीनला होणारी निर्यात ५१,००० पेट्यांवरून दरसाल ५,१०० पेट्यांनी घटवायचे ठरले. व्यापार बंद करण्याचे हे वेळापत्रक इतके नेमके असू शकले, कारण पेटीन् पेटी सरकारच्या हिशेबात होती. मोकळ्या बाजारात असा शब्द देणे कोणत्याही सरकारला शक्य झाले नसते.

१९०९ मध्ये शांघायला ब्रेंट यांच्या अध्यक्षतेखाली तेरा देश जमले. त्यांचे ठराव बंधनकारक नव्हते. २३ जानेवारी १९१२ रोजी हेगला करार झाला, पण ओढायच्या अफूचा बीमोड ‘क्रमाक्रमाने’ आणि प्रत्येक देशाची परिस्थिती पाहून करायचा होता. एवढी ढील दिली होती म्हणूनच वसाहतींची सरकारे सही करायला पुढे आली. पुढे व्हर्सायच्या तहात हा करार गोवला गेला आणि तो बहुतेक देशांवर बंधनकारक झाला.

सरकारी मक्तेदारीतून हळूहळू बंदीकडे जाण्याच्या या विचाराची परिणती १९२५ च्या जिनिव्हा करारात दिसते. पूर्वेकडे वसाहती असलेल्या देशांनी ओढायच्या अफूची आयात आणि विक्री सरकारी मक्तेदारीतच ठेवावी, असे त्यात लिहिले गेले. ज्या व्यवस्थेवर शंभर वर्षे टीका झाली, तीच आता आंतरराष्ट्रीय कर्तव्य ठरली. सिंगापूर आणि आसपासच्या ब्रिटिश वसाहतींत सरकारी उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपासचा वाटा कधीकाळी अफूतून येई. तिथला अधिकारी आता तेच दुकान चालवत कराराचे पालन करत होता. जिनिव्हातून अमेरिका आणि चीन यांचे प्रतिनिधी उठून गेले, यात नवल नाही.

हिंदुस्थान सरकारने तिथे पुन्हा जुन्याच भेदाचा आधार घेतला. आमच्याकडे लोक अफू खातात, ती औषधासारखी. त्यात इतरांनी पडू नये. पण राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी औषधी गरजेसाठी दहा हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ६ किलोंचे माप धरले होते आणि मुंबई शहराचा खप त्याच्या कितीतरी वर होता. गिरणीत पाळीवर जाणारी आई तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवून निजवत असे. या गोळीला घरगुती औषध म्हटले की सरकारी दुकान निर्दोष ठरे आणि पाळणाघर नसलेली गिरणीही सुटे. हा भेद परिषदेत टिकला. घरच्या राजकारणात टिकला नाही. आसाम काँग्रेसने १९२५ मध्ये अफूची चौकशी केली. प्रांतोप्रांतीचा दबाव वाढत गेला. १९२६ मध्ये सरकारने औषधेतर निर्यात दहा वर्षांत संपवण्याचे जाहीर केले आणि १९३५ अखेर ती थांबली. आग्नेय आशियात तर ब्रिटिश आणि डच सरकारांनी चंडूच्या मक्तेदारीवर पाणी सोडले ते १९४३ मध्ये, जेव्हा ते मुलूख जपानच्या ताब्यात होते आणि सोडण्यासारखे उत्पन्न हातात उरलेच नव्हते.

म्हणून सदसद्विवेक आणि स्वार्थ यांतला एक निवडून हा इतिहास समजत नाही. बंदीची हाक बाहेरून आली. ती अमलात आणण्याची ताकद मक्तेदारीने दिली. आणि विलंबाची सबबही मक्तेदारीनेच पुरवली. आजही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात खसखशीचा शेतकरी सरकारी परवान्यावर पेरतो आणि चीक सरकारलाच देतो. नीमच आणि गाझीपूरचे कारखाने त्यापासून औषधांचा कच्चा माल बनवतात. मॉर्फिनची गरज असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने ही देखरेख आवश्यक आहे. पण जिथे सरकारच विक्रेता आणि सरकारच राखणदार असते, तिथे ‘योग्य वापर’ कोणता, हे त्याला एकट्याला ठरवू देऊ नये. हिंदुस्थान सरकारने ते दीडशे वर्षे एकट्याने ठरवले आणि बहुतेक वेळा उत्तर तिजोरीला मानवेल असेच निघाले.